शनिवारी माती आहे

ती. वन्सं यांना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार.

सगळ्यांत आधी सांगायचं ते हे, की तुमच्या आई जिवंत आहेत. हे वाक्य मी लिहीत असताना त्या समोरच्या खुर्चीत बसून माझ्या पेनाकडे पाहताहेत आणि ‘मोठ्या अक्षरात लिही, तिचा चष्मा जुना झालाय’ असं सांगताहेत. म्हणून मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिते : जिवंत आहेत. भूक चांगली आहे, झोप त्याहून चांगली आहे. कानांनी कमी ऐकू येतं, पण त्यांच्याबद्दल शेजारच्या खोलीत कुणी हळू बोललं तर तेवढं येतं. तुमचा गुडघा कसा आहे? तुमची लेक, माझी भाची, म्हणाली की बसमधून घाईने उतरताना तो पुन्हा लचकला. त्याचं पाप माझ्या माथी आहे, हे मी या पत्रात कुठेही नाकारणार नाही.

फोन करून पाहिला. तुम्ही उचलत नाही, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. तुम्ही रडत बसमध्ये चढलात, अनोळखी माणसांनी तुम्हाला खिडकीची जागा दिली, एका बाईंनी आपला डबा उघडून तुमच्यापुढे धरला, सगळ्या बसला तुमच्या आईचं आयुष्य कळलं, आणि निम्म्या वाटेत भाऊजींचा फोन आला की आई मटार सोलते आहे. त्यानंतर त्या जागेवर बसून राहणं किती अवघड झालं असेल याची मला कल्पना आहे. (भाची म्हणते, तुम्ही उतरताना डबा परत केलात, पण तो रिकामा होता. यावर माझं काही म्हणणं नाही. दुःखात भूक लागते, हे मला या वर्षात कळलं.)

झालं ते एका शब्दामुळे झालं, आणि त्या शब्दापर्यंत आपण कसे आलो हे सांगायचं तर मला अंगणापासून सुरुवात करावी लागेल. शिवाय तुम्ही ठरवलेला सिमेंटचा ट्रक यायचा आहे. तो यायच्या आत हे पत्र तुमच्या हातात पडावं, यासाठी माझी सगळी धडपड आहे.

तुम्ही लहान असताना अंगणात काय होतं मला ठाऊक नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे दुरुस्तीला आलेल्या गाड्या होत्या. हे त्यांच्या पोटाखाली उताणे पडलेले असत आणि मला फक्त पाय दिसत. माझी ह्यांच्याशी ओळख पायांपासून झाली. चेहरा जेवायच्या वेळी यायचा, तोही काळा. प्रत्येक गाडीचं जुनं तेल काढायचं आणि नवं भरायचं. जुनं तेल डब्यात धरायचं असा ह्यांचा नियम होता, आणि डबा कुणाच्या तरी पायाने लवंडायचा असा अंगणाचा नियम होता. शिवाय गाड्या उभ्या उभ्या गळतात, त्याला कोण काय करणार? तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. माती सगळं पिते, असं आम्ही समजत होतो. पिते खरी, पण सगळं तिला पचतं असं नाही. पिऊन पिऊन ती तव्याच्या पाठीसारखी काळी आणि टणक झाली. तणसुद्धा उगवायचं बंद झालं. मुंग्यांनी वाट बदलली. पाणी टाकलं तर ते आत न जाता वरच गोळा होऊन इंद्रधनुष्य दाखवत बसायचं.

हे गेले. गाड्या ज्याच्या त्याने नेल्या. हत्यारं भाऊजींनी वाटून टाकली (ते रडत होते आणि वाटत होते, पाने आणि पकडी नेणारेही रडत होते). अंगण तेवढं राहिलं. मग भाचीने सुचवलं की खालच्या खोल्यांत पाळणाघर काढते, अंगणात मुलं खेळतील. मला ते फार आवडलं. घरात आवाज होईल. पण तसल्या तेलकट मातीत मुलं कशी सोडायची? मुलाचा हात मातीत असतो नाहीतर तोंडात असतो, तिसरी जागा त्याला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, ‘अगं, सिमेंट घालून टाक. एका दिवसाचं काम.’ निम्मं अंगण तुमच्या वाट्याचं, भाची तुमची, सल्लाही सरळ. मी गप्प बसले, आणि तुम्ही तो होकार समजून पाळणाघर उघडायच्या सुमाराचा ट्रक ठरवलात. चूक तुमची नाही. माझ्या गप्प बसण्याचे अर्थ फक्त ह्यांना लागायचे, तेही उशिरा.

मी गप्प बसले कारण मी तेव्हा वाचत होते. ह्यांच्या मागे मी वाचनालयात नाव घातलं, हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंना म्हटलं, जाड पुस्तक द्या, लवकर न संपणारं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि झाडांच्या मुळांवरचं पुस्तक दिलं. माझं शिक्षण तुम्ही जाणता. शाळा सुटली तेव्हा मी भागाकारापर्यंत आले होते. पहिला धडा मी इतक्यांदा वाचला की सासूबाईंना वाटलं मी जप करते. पण हळूहळू उमगत गेलं, आणि जे उमगलं ते इथे साध्या शब्दांत लिहिते, कारण ट्रकचा निर्णय त्यावरच आहे.

झाड मुळांनी नुसतं घेत नाही, देतंही. पानांत तयार झालेल्या साखरेतली थोडी ते मुळांवाटे मातीत सोडतं. त्यामुळे मुळांभोवती जिवाणूंची गर्दी होते, खाणावळीच्या दारात होते तशी. मोकळ्या मातीत असतात त्याच्या कितीतरी पट जिवाणू मुळांच्या केसांना चिकटून राहतात. काही तर मुळाच्या आतच बिऱ्हाड थाटतात. ते फुकट जेवत नाहीत. कुणी हवेतलं नत्र पकडून झाडाला देतो. विषारी मातीत झाड भेदरून वाढ थांबवतं, तेव्हा कुणी त्याची भीती कमी करतो (पुस्तकात भीती हा शब्द नाही, पण वर्णन भीतीचंच आहे). आणि त्यांतल्या काहींना तेल खाता येतं. आवडतं म्हणून नव्हे. साखरेवर संख्या वाढते, मग समोर असेल ते खाणं भाग पडतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ह्यांनी माझ्या हातचं खाल्लं ते याच नियमाने. ते तेलाचे तुकडे करतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे, आणि शेवटी उरतं पाणी, आणि आपण श्वासातून बाहेर सोडतो तसली हवा. खाणाऱ्यांना स्वतःलाही हवा लागते, ती मुळं माती फोडून आत नेतात. सिमेंटखाली यातलं काहीच होत नाही. तिथे तेल आहे तसं बसून राहतं, फक्त आपल्याला दिसत नाही.

पुस्तक संपल्यावर (संपलंच शेवटी) वाचनालयातल्या बाईंनी मला माती तपासणाऱ्या बाईंचा पत्ता दिला. या बाई प्रयोगशाळेत असतात, कमी बोलतात, आणि माती चिमटीत धरून वास घेतात, तेव्हा त्यांच्याशी बोलू नये. मी विचारलं, ‘साफ होईल का?’ म्हणाल्या, ‘बघू.’ ‘किती दिवस लागतील?’ ‘बघू.’ सासूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘हिला पगार नुसतं बघण्याचाच मिळतो का?’ मला मात्र विश्वास वाटला. ह्यांना तपासणारे डॉक्टर शेवटपर्यंत ‘नक्की’ म्हणत होते.

एकच गोष्ट बाईंनी खात्रीने सांगितली. मी विचारलं होतं, हे तेल खाणारे जिवाणू विकत कुठे मिळतील? तर म्हणाल्या, ‘विकत कशाला आणता? तुमच्याकडे आहेतच की. इतकी वर्षं इथे तेल सांडलं, त्यावर जगायला शिकलेले इथेच तयार झालेत. पण हवा नाही, नत्र नाही, पाणी मुरत नाही, म्हणून पडून आहेत. मुळं आली की उठतील.’ ते ऐकून मी पायरीवर बसले. वन्सं, ह्यांची बातमी छापायला दिली तेव्हा आपण ‘त्यांच्या पश्चात आई, पत्नी, बहीण, भाऊ’ असं लिहिलं होतं. ह्यांच्या तेलावर वाढलेलं आणखी एवढं मोठं कुटुंब अंगणात आहे, हे आपल्याला कुठे माहीत होतं? मला वाटत होतं, ह्यांच्या मागे या घरात कामाला लागणारी मी एकटीच राहिले.

मग मी कुदळ घेतली. माती फोडली, कुजलेलं खत मिसळलं, साधं गवत पेरलं, मधूनमधून लसूणघास पेरला. (सासूबाई म्हणाल्या, ‘घास पेरतेस ते ठीक, उगवला की माझ्या ताटात वाढू नकोस म्हणजे झालं.’) कडेने सूर्यफुलं लावली. ती कशाला, तर गाड्यांच्या जुन्या तेलात शिशासारखे धातूही असतात, आणि धातू कुणालाच खाऊन संपवता येत नाही. फार तर थोडा झाडात ओढून घ्यायचा आणि ते झाड कापून बाईंच्या ताब्यात द्यायचं. त्यामुळे शेजारच्या शेळीशी सध्या माझं वैर आहे. हे विषारी आहे असं शेळीला सांगता येत नाही, आणि तिच्या मालकिणीला सांगितलं तर ती म्हणते, ‘तुम्हाला द्यायचं नाही एवढंच म्हणा ना.’ पहिलं बी रुसलंच. दुसऱ्यांदा पेरलं ते आलं, पण पिवळं, आजाऱ्यासारखं. मी रोज सकाळी त्याच्याकडे बघत चहा प्यायचे. मग एके दिवशी ते हिरवं झालं. मी त्याला काही बोलले नाही, पण कप धुवायला आत जाताना माझ्या लक्षात आलं की मी गुणगुणते आहे. ती गेल्या वर्षातली पहिलीच वेळ.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी जेवायच्या पानावर तोंड उघडलं.

भाऊजी रविवारी जेवायला येतात. त्यांनी नोकरीभर दवाखान्यातली स्वच्छता सांभाळली, हे तुम्ही जाणता. साबणाला हात लावायच्या आधीही ते हात धुतात. त्या दिवशी मी आनंदात होते, म्हणून म्हटलं, ‘भाऊजी, आपल्या अंगणात आता कोट्यवधी जिवाणू आहेत. मीच वाढवलेत.’ त्यांचा हात ताटातच थांबला.

‘वहिनी, तिथे मुलं खेळणार ना?’

‘हो, त्यांच्यासाठीच तर करते आहे.’

भाऊजींनी ताट सारलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं त्यांना भरून आलं. खरं म्हणजे त्यांना वाटलं होतं की वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, आणि माणसाने अशा वेळी वाद न घालता मुकाट्याने आपलं कर्तव्य करावं. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात असताना ते फिनेलचा कॅन आणि झारी घेऊन आले आणि फाटकापासून मधल्या दगडापर्यंत अंगण शिंपून गेले. दगडाशी कॅन संपला म्हणून पुढचं वाचलं. सासूबाई खिडकीत होत्या. त्यांना वाटलं, मुलगा झाडांना पाणी घालतोय, मोठा गुणाचा झालाय. मी परत आले तर अंगणाला दवाखान्याचा वास येत होता. दोन दिवसांत फाटकाकडचं गवत आडवं झालं. भाऊजींचं काम तुम्हाला माहीतच आहे, मेलेल्या आणि जिवंत गवतामधली रेघ अशी सरळ की फूटपट्टी लावून मारावी.

मी त्यांना बोलले, जरा जास्तच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘वहिनी, हे मारायचे असतात एवढंच मला आयुष्यभर शिकवलं. जगवायचे असतात असं कुणी कधी म्हणालं नाही. दादाची खोली शेवटी शेवटी मीच पुसायचो ना, ह्याच फिनेलने, दिवसातून तीनदा.’ मी त्यांना चहा करून दिला. कप त्यांनी स्वतः धुतला, आधी आणि नंतर.

आता ट्रक जवळ आलेला, निम्मं गवत मेलेलं. मी मातीवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, शनिवारी सकाळी येते, दोन्हीकडची माती काढून नेते, मग काय ते ठरवा. मला वाटलं, सगळ्या घराने एकदाच समोर उभं राहून पाहावं, म्हणजे ट्रकचा प्रश्न तिथल्या तिथे मिटेल. म्हणून मी शुक्रवारी रात्री उशिरा सगळ्यांना निरोप पाठवला. कमी शब्दांत नेमकं लिहावं, असं मी वाचलेलं होतं. मी लिहिलं : ‘शनिवारी सकाळी आपल्याकडे माती आहे. सगळ्यांनी यावं. उशीर करू नये, नंतर ऊन चढतं.’

वन्सं, तुम्ही हा निरोप वाचून पुढचं काही विचारलं नाहीत, सरळ बस पकडलीत. भाऊजींनी निदान विचारलं. पण त्यांनी काय विचारलं ते पाहा. त्यांनी लिहिलं, ‘कधी झालं?’ मला वाटलं, हे कधी ठरलं असं विचारताहेत. मी उत्तर दिलं, ‘आज संध्याकाळी.’ त्यांनी विचारलं, ‘त्रास झाला का?’ मी म्हटलं, ‘नाही, एका फोनमध्ये झालं.’ मग बऱ्याच वेळाने, ‘वहिनी, तुम्ही खंबीर आहात.’ मला वाटलं, फिनेलबद्दल वाईट वाटतंय बिचाऱ्यांना. मी लिहिलं, ‘झालं ते झालं. आता पुढचं बघायचं.’

मी आयुष्यात अनेकदा माती खाल्ली आहे, पण इतक्या लोकांना जेवायला बोलावून कधी खाल्ली नव्हती.

शनिवारी सकाळी सासूबाई दारातल्या पायरीवर मटार सोलत बसल्या होत्या. मी मागे कुदळ शोधत होते. फाटकातून आधी पांढरी फुलं आली, मग भाऊजी. त्यांच्या मागे जाऊबाई, तोंडाला पदर लावून. त्यांच्या मागे दवाखान्यातले जुने सोबती, ह्यांची जुनी गिऱ्हाइकं, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. भाऊजींनी रडून डोळे इतके सुजवले होते की त्यांना पायरीवर कोण बसलंय ते दिसलंच नाही. ते तिथेच टेकले आणि हुंदका देऊन म्हणाले, ‘शेवटची भेटसुद्धा झाली नाही गं.’

सासूबाईंनी शेंगा सोलायच्या थांबवल्या. ‘कुणाची रे?’ त्यांनी विचारलं. ‘कोण गेलं?’

त्या क्षणी भाऊजींचा चेहरा मी पाहिला नाही, पण जाऊबाई म्हणतात की आनंद, भीती आणि माझ्याबद्दलचा राग हे तिन्ही त्यावर एकदम उमटले आणि शेवटी शिंक आली. सासूबाईंनी फुलं हातात घेतली. ‘चांगली आहेत,’ म्हणाल्या. ‘पाण्यात ठेवा, नाहीतर सुकतील.’ मी बाहेर आले तर सगळे उभे, कुणी जावं की थांबावं हे कुणालाच कळेना. मला तर एवढे का आलेत हेच कळेना; मी म्हटलं, ‘बरं झालं, सगळे वेळेवर आलात.’ आणि नेमक्या त्याच वेळी मातीवाल्या बाई फाटकातून आल्या, खांद्यावर माती काढायचं लांब लोखंडी गिरमिट, हातात पिशव्या. एवढी माणसं पाहून त्यांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘खड्डा कुठे घ्यायचा? किती खोल जाऊ?’

ह्यांचं एक म्हातारं गिऱ्हाईक हात जोडून पुढे झालं. ‘बाई, जरा थांबा,’ ते म्हणाले. ‘त्या अजून मटार सोलताहेत.’

तेव्हा सासूबाई हसल्या. वन्सं, ह्यांच्या जाण्यानंतर त्या हसल्या नव्हत्या. इतक्या हसल्या की ठसका लागला, आणि इस्त्रीवाला खरंच घाबरला. मग म्हणाल्या, ‘आलात तसे बसा आता. हिला चहा टाकू दे. मी खरंच जाईन तेव्हा एवढे येणार नाहीत, सगळ्यांना वाटेल, पुन्हा मातीच तपासताहेत.’

तर अशा मंडळींसमोर माती काढली गेली. शोकाला आलेली माणसं शांत उभी राहतात, त्यामुळे बाईंना कामात काही अडथळा आला नाही. त्यांनी दगडाच्या अलीकडून आणि पलीकडून माती घेतली, वास घेतला, आणि आपल्या मानाने बरंच बोलल्या : ‘फरक आहे.’

पुढच्या आठवड्यात निकाल आला. जिकडे गवत जिवंत आहे तिकडे तेल पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी झालं आहे. जिकडे फिनेल पडलं तिकडे जवळपास होतं तेवढंच. जड, डांबरासारखा भाग राहिलाय, त्याला वेळ लागेल असं बाई म्हणतात. पण जिवंत भागातून मुळं आणि जिवाणू दोन्ही मेलेल्या भागात पसरतील, पुन्हा पेरलंत तर आणखी एका हंगामात चित्र पालटेल, असंही म्हणतात. (मी विचारलं, ‘नक्की?’ म्हणाल्या, ‘बघू.’) वर हेही म्हणाल्या, की तुलनेसाठी असा एक भाग न सुधारता ठेवावाच लागतो, तेव्हाच कळतं की गुण मुळांचा आहे की नुसत्या दिवसांचा. हे भाऊजींनी ऐकलं. तेव्हापासून ते सगळ्यांना सांगत सुटलेत की तुलनेचा भाग त्यांनी ठेवला. परवा इस्त्रीवाल्याला सांगत होते, ‘शास्त्रात कुणीतरी वाईटपणा घ्यावा लागतो.’

म्हणून वन्सं, माझं मागणं एवढं आहे, की ट्रक येऊ देऊ नका. भाचीशी मी बोलले आहे. ती पाळणाघर आधी नुसतं खोल्यांत सुरू करायला तयार आहे, अंगण पुढच्या हंगामानंतर, तेही बाईंनी पुन्हा माती तपासून हो म्हटल्यावर. धातूंचं प्रमाण जास्त निघालं तर मी स्वतः तुम्हाला फोन करून सिमेंट मागवीन, शब्द देते. पण तोवर एक घमेलंभरसुद्धा नको. मुलांच्या पायांखाली माती असावी. आपल्या घरातल्या माणसाने जे सांडलं ते आपल्या घरानेच निस्तरावं, झाकून दुसऱ्याच्या लेकरांना त्यावर बसवू नये. हे असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. निदान मी म्हटल्यावर मान हलवली असती, आणि पुन्हा गाडीखाली गेले असते.

एक गोष्ट आणखी, मग पुरे करते. त्या जिवंत भागाला परवा दुपारी मी पाणी घातलं. पूर्वी पाणी पडलं की ह्यांचा वास उठायचा, तेलाचा. ह्यांच्या कपड्यांना, उशीला, टॉवेलला, रोज घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला तो वास होता, आणि संसारभर मी त्यावरून कटकट केली. परवा पाणी मुरलं आणि मातीचा वास आला. नुसता मातीचा, कुणाच्याही अंगणाला येतो तसा. मी झारी ठेवली आणि आत गेले. काय काम होतं ते आठवेना, म्हणून परत बाहेर आले. माझ्या मनासारखं झालं होतं. मी खाली बसून बराच वेळ वास घेत राहिले, कुठे थोडा राहिलाय का ते पाहायला.

असो. गुडघ्याला शेक द्या, जिने चढू नका. तुमच्या घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद. रागावला असाल तर रागावूनच उत्तर लिहा, पण लिहा.

तुमची,
भावजय

ता. क. : सासूबाई म्हणतात, ‘मी गेले कळल्यावर थोरली निघाली, आणि आहे कळल्यावर निम्म्या वाटेतून परत गेली, हे तिला लिही.’ लिहिलं. त्या रागावलेल्या नाहीत, असं त्या मोठ्याने म्हणताहेत. तुम्ही येऊन जा.

पुन्हा ता. क. : सासूबाई आता झोपायला गेल्या, म्हणून हे लिहिते. सिमेंटबद्दल मी वर जे लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि ट्रक नकोच आहे. पण त्या माणसाला सांगून एक पोतं तेवढं पाठवून द्या. पत्र्याखालचा कोपरा तुम्हाला आठवत असेल, हे जिथे गाडीखाली पडून काम करायचे तो. खाटेएवढी जागा आहे. तिथे काही उगवलं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे. तिथे मी पेरलंच नाही. मातीवाल्या बाईंच्या ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी तिथे गिरमिट लावलं नाही; नंतर मी आडून विचारलं तेव्हा म्हणाल्या, एवढासा कोरडा तुकडा वरून पक्का बंद केला तर मुलांना अपाय नाही. तेवढा तुकडा कुणी खाऊन संपवू नये असं मला वाटतं. गुळगुळीत करून घेईन, कुणाला काही कळणार नाही. भाचीने विचारलं तर सांगा, मुलांना चपला काढायला पक्की जागा लागते.